चौथ्या स्लाइडवरची चकरी

सकाळी सव्वानऊला चाकणहून फोन आला तेव्हा मी कर्वे रस्त्यावर ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेत होतो. क्लायंटच्या एचआर मॅडम होत्या. "तुमचं मॉड्यूल चौथ्या स्लाइडवर अडकतंय. 30 माणसं आठपासून बसून आहेत. टेस्ट दिल्याशिवाय गेटपास निघत नाही आणि दुसऱ्या पाळीला ती मला लाइनवर हवीत."

मॉड्यूल म्हणजे कॉम्प्युटरवर बघायचा ट्रेनिंगचा धडा, आणि ते बनवणं हा आमचा धंदा. त्या धंद्यातलं सगळ्यात झिजलेलं वाक्य मी बोललो. "मॅडम, आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय."

पलीकडे दोन क्षण शांतता. मग, "मग पाठवू का सगळ्यांना तुमच्याकडे?"

गाडी काढली. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, आणि पुढे ट्रेलरमागे ट्रेलर. गेटवर लॅपटॉपचा नंबर वहीत लिहून, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवून आत जाईतो अकरा वाजून गेले होते.

ट्रेनिंग रूममध्ये 30 कॉम्प्युटर आणि 30 पडद्यांवर तीच गोल फिरणारी चकरी. माणसं बहुतेक कंत्राटी, नवी भरती, बरीचशी बीड-नांदेडकडची. कुणी तक्रार करत नव्हतं, त्यानंच जास्त ओशाळायला झालं. एका पोरानं तर मला पाहून माऊसवरचा हात काढून घेतला. "सर, मी काही दाबलं नाही." आपल्यामुळेच बिघडलं असं त्याला वाटत होतं.

चौथ्या स्लाइडवर 40 सेकंदांचा व्हिडिओ होता. आग लागली तर सिलिंडर कसा वापरायचा याचा. तो मीच केलेला. भोसरीच्या एका शेडमध्ये शूट, एडिटिंगही माझंच, आणि एक्स्पोर्ट करताना 'हाय क्वालिटी' मीच निवडलेलं. फाइल 60 एमबीची. एवढी मोठी आहे हे मला माहीत होतं, पण ऑफिसच्या नेटवर ती चटकन उघडायची. शिवाय तोच तो मॉड्यूल दिवसातून वीस वेळा उघडणाऱ्या माझ्या ब्राउझरनं ती केव्हाच कॅशमध्ये, म्हणजे माझ्याच मशीनवरच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवली होती. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'डिसेबल कॅश' नावाचा एक चौकोन असतो. तिथे टिक करायला एक सेकंद लागतो. मी केली नव्हती.

रिकामं मशीन नव्हतंच, म्हणून त्या पोराच्याच मशीनवर ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला, कुठली फाइल उतरली आणि कुठली अडकली ते तिथे दिसतं. पहिल्या तीन स्लाइडची चित्रं आली होती. त्यातला शॉप फ्लोअरचा एक फोटो 9 एमबीचा पीएनजी, हेही माझंच पाप. व्हिडिओची ओळ मात्र 'पेंडिंग'वर लटकलेली. आयटीवाल्यांना विचारलं, या खोलीला लाइन किती? "20 एमबीपीएस." म्हणजे सेकंदाला 20 मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट धरला तर अडीच एमबी, तीही 30 जणांत वाटून. 30 गुणिले 60 म्हणजे 1,800 एमबी. सगळं सुरळीत चाललं तरी 12 मिनिटं. आणि सुरळीत कुठून चालणार? पाच मिनिटं चकरी बघून माणूस रिफ्रेश मारतो, आणि रिफ्रेश मारला की त्याचं डाउनलोड पुन्हा शून्यापासून. तीन तास ती खोली हेच करत होती.

पण एक गोष्ट मला खटकत होती. लाइन कितीही बारीक असली तरी पहिले काही सेकंद उतरले की व्हिडिओ सुरू व्हायला हवा, मग अडखळेना का. इथे पहिली फ्रेमसुद्धा दिसत नव्हती.

त्याचं कारण फाइलच्या पोटात होतं. एमपी4 म्हणजे पेट्यांची चळत. एका पेटीत खरा माल, म्हणजे चित्र आणि आवाज, आणि दुसरीत अनुक्रमणिका, म्हणजे कुठली फ्रेम कितव्या बाइटपासून सुरू होते त्याची नोंद. या दुसरीला 'मूव्ह' म्हणतात. एडिटिंगचं सॉफ्टवेअर माल भरून संपल्याशिवाय अनुक्रमणिका लिहू शकत नाही, म्हणून बरेचदा ती शेवटी जाऊन बसते. ती मिळेपर्यंत ब्राउझरला हातातल्या मालाचं काय करायचं हेच कळत नाही. सर्व्हर शहाणा असेल तर ब्राउझर थेट फाइलच्या शेपटीचा तुकडा मागून घेतो आणि सर्व्हर 206 असं उत्तर देऊन तेवढाच तुकडा देतो. यांचा एलएमएस, म्हणजे ट्रेनिंगची मॉड्यूल चालवणारी सिस्टिम, दरवेळी 200 म्हणून सगळी फाइल पहिल्यापासून ओतत होता. म्हणजे अख्खे 60 एमबी उतरल्याशिवाय पहिलं चित्र नाही. वर फाइलसोबत येणाऱ्या सूचनांत, म्हणजे हेडरमध्ये, 'नो-स्टोअर', म्हणजे उतरलेलं साठवायचंही नाही.

फ्लॅशच्या काळात निदान 'लोडिंग 37%' असं दिसायचं. 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅश गेला आणि बरंच झालं, पण तो आकडा मात्र चांगला होता. माणसाला थांबायचं की उठायचं हे ठरवता यायचं. चकरी काहीच सांगत नाही.

सर्व्हरला मी हात लावू शकत नव्हतो. आयटीवाले म्हणाले, "चेंज रिक्वेस्ट टाका." (ती मंजूर व्हायला पुढे आठ दिवस लागले.) माझ्या हातात होती ती फाइल. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फास्टस्टार्ट' नावाचा पर्याय आहे, तो अनुक्रमणिका उचलून पुढे आणून ठेवतो. नुसतं तेवढंच करायचं तर काही सेकंदांचं काम, चित्राला धक्काही लागत नाही. पण नुसतं तेवढं पुरणार नव्हतं. 40 सेकंदांत 60 एमबी म्हणजे 12 एमबीपीएस, एकाच माणसाला! आधी 720 उंचीवर दीड एमबीपीएसचा विचार केला, मग पुन्हा गुणलं: 30 जणांचे 45 होतात, लाइन 20 ची. इतकी वर्षं मॉड्यूल करतोय, पण माझ्या गणितात एकाच वेळी 30 माणसं कधी बसलीच नव्हती. शेवटी 960 बाय 540, आवाजासकट 600 केबीपीएस. फाइल 3 एमबीची झाली. स्लाइडमधली व्हिडिओची चौकट 800 पिक्सेलचीच होती, त्यामुळे डोळ्याला फरकही जाणवेना. निवेदनाचे ट्रॅक स्टिरिओ होते ते मोनो केले, एका माणसाच्या आवाजाला दोन कान कशाला? त्या जड पीएनजी फोटोचा हलका जेपीजी केला.

गेस्ट वायफायवर अपलोड बंद. मोबाइलचा हॉटस्पॉट खिडकीशी धरून मी नवं पॅकेज चढवत होतो, तेव्हा मागे आवाज ऐकू आले. पन्नाशीचे एक काका उभे राहिले होते. हातात पाण्याची बाटली. "पिन ओढायची आधी. मग नळी आगीच्या बुडाशी, वर जाळावर नाही. दांडा दाबायचा आन् असं झाडल्यासारखं फिरवायचं." आधी साखर कारखान्यात होते म्हणे. आसपासचे सात-आठजण मन लावून ऐकत होते. माझ्या 40 सेकंदांत 'झाडल्यासारखं' हा शब्द नव्हता. निवेदनात 'आडव्या दिशेने' असं होतं.

पावणेदोनला सगळ्यांना पान नव्यानं उघडायला सांगितलं. चौथी स्लाइड आली आणि चकरी फिरायच्या आतच व्हिडिओ चालू झाला. मागच्या रांगेत कुणीतरी "अरे!" म्हणालं. एचआर मॅडम दारातून बघून गेल्या, बोलल्या काही नाहीत.

काकांचा मात्र व्हिडिओ निम्मा होऊन गेला होता. ते शेजारच्याला पिन दाखवत पाठमोरे उभे होते. वळले आणि म्हणाले, "सर, मागं नेता येतं का हे?"

येत नव्हतं. व्हिडिओ पुढे ढकलून कुणी टेस्टला पळू नये म्हणून खालची सरकपट्टी बंद ठेवायची, ही क्लायंटचीच अट होती.

"तिसऱ्या स्लाइडवर जाऊन परत या, काका."

ते गेले, आले. पुन्हा 3 एमबी उतरले, आणि सुरू झालं.