ओढेल हो गाडी, पण थांबेल का?

ट्रेलर जोडायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "माझी गाडी ओढेल ना?" अरे ओढेल की, सपाट रस्त्यावर ओढायला काय लागतंय, खरी मजा उतारावर येते, तोच ट्रेलर मागून ढकलायला लागतो तेव्हा. आणि वेग ६० चा ८० केला तर ब्रेकला जवळपास पावणेदोन पट ताकद जिरवावी लागते, हे कुणी लक्षातच घेत नाही. म्हणून उतार लागायच्या आधीच खालचा गिअर, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून ढिले पडणार.

मी पण आधी एकच आकडा बघायचो. टोइंग कॅपॅसिटी (गाडी किती वजन ओढू शकते ते) २००० किलो, ट्रेलर १५०० चा, झालं काम! पण ट्रेलरचं साधारण १० ते १५ टक्के वजन हिचवरून, म्हणजे गाडीमागच्या जोडावरून, थेट गाडीवर येतं, म्हणजे इथे दीडशे ते सव्वादोनशे किलो. गाडीचा पेलोड, म्हणजे माणसं-सामान धरून गाडी पेलेल ते वजन, समजा ५०० आहे आणि आत पाच जण बसलेत, ३५० तिथेच गेले, उरले दीडशे, डिकीतल्या बॅगा तर अजून धरल्याच नाहीत. हिचची पण स्वतःची मर्यादा असते, ती वेगळीच.

मग हे हिचवरचं वजन कमीच ठेवू, असं वाटतं ना? मी ते नकळत करून बसलो. उतरवायला सोपं म्हणून जड खोकी ट्रेलरच्या मागच्या दाराशी लावली, हिचवरचं वजन घटलं, आणि जरा वेग घेतल्यावर ट्रेलर असा काही डुलायला लागला की गाडीचं ढुंगण पण त्याच्याबरोबर. घाबरून ब्रेक मारला तर अजून वाढलं. तेव्हा करायचं असतं ते इतकंच, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर फक्त ते लावायचे. आता निम्म्याहून जास्त, ६० टक्के तरी माल एक्सलच्या (ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या) पुढे ठेवतो, आणि जड ते खाली.

ट्रेलर गाडीला बांधणाऱ्या सुरक्षा साखळ्या कपलरखालून (हिचला पकडणाऱ्या टोकाखालून) फुलीसारख्या टाका, कपलर निसटलाच तर ट्रेलरचा दांडा रस्त्यात घुसण्याऐवजी त्या झोळीत अडकतो.

आणि अंदाजावर जाऊ नका हो. परवा भरलेला ट्रेलर काट्यावर घातला, मी छातीठोकपणे १२०० म्हणत होतो, निघाला १५४०. गुपचूप जाऊन चार खोकी उतरवली.