ऑर्विएतोला जाताय? आधी विहीर बघा

रोमहून साध्या पॅसेंजर गाडीने सव्वा-दीड तासात ऑर्विएतो येतं. तिकीट कागदी असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारूनच गाडीत चढा. स्टेशन खाली, गाव वर, टफ दगडाच्या उभ्या कड्यावर. स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढून कड्यावर नेणारी छोटी गाडी, सुटते.

वर पोचल्यावर आम्ही केलं ते करू नका. सगळे चढले म्हणून आम्हीही कॅथेड्रलच्या बसमध्ये चढलो. दर्शनी भिंतीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ती सावलीत. सोनेरी मोझेक नुसतं पिवळट दिसत होतं. आतलं सान ब्रिझिओ चॅपेल मात्र कुठल्याही वेळी बघा. चित्रकार सिन्योरेल्लीने रंगवलेली मेलेली माणसं पुन्हा जिवंत होऊन जमीन फोडून वर येतायत, काहींच्या हाडांवर अजून मांसही चढलेलं नाही. एका कोपऱ्यात काळ्या कपड्यांत तो स्वतः उभा आहे.

आणि विहीर? ती फ्युनिक्युलरच्या दारातच होती! पोत्झो दि सान पात्रित्सिओ, म्हणजे सेंट पॅट्रिकची विहीर. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. उद्या वेढा पडला तर पाण्याचं काय, म्हणून त्याने वास्तुकार आंतोनिओ दा सांगाल्लोकडून ही खोदवून घेतली. खोली पन्नास मीटरच्या वर, पायऱ्या 248. खरी गंमत म्हणजे दोन जिने एकमेकांभोवती वळत जातात, पण मध्ये कुठेच भेटत नाहीत. रिकामी खेचरं एकाने उतरायची, पाणी लादलेली दुसऱ्याने चढायची.

आई म्हणाली, "माझे गुडघे बघ. तू जाऊन ये, मी बसते इथे." मग पायऱ्या बघितल्या. खेचरांसाठी केलेल्या, रुंद आणि बुटक्या. "एवढंच ना!" म्हणत निघाली. समोरच्या खिडक्यांतून वर चढणाऱ्यांचे लालबुंद चेहरे दिसत होते. तळाशी पाण्यावर छोटा पूल, पाण्यात नाणी, आणि भर उन्हाळ्यात शाल लागेल असा गारवा. चढताना आई तीनदा थांबली, मी चारदा.

तेव्हा सकाळी विहीर, उतरत्या उन्हात कॅथेड्रल. दुपारी उंब्रिकेल्ली खा, आपल्या जाड शेवयांसारखा पास्ता. शाकाहारी असाल तर टोमॅटोचा मागा आणि "सेन्झा कार्ने" (मांस नको) म्हणायला विसरू नका. परतीच्या फ्युनिक्युलरची शेवटची वेळ मात्र वर जातानाच बघून ठेवा. आम्ही ती बघितली नव्हती, म्हणून शेवटी धावलो.