आईच्या रिटायरमेंटचे पैसे: पुनावळ्यात फ्लॅट घ्यायचा की रीट?

आई झेडपीच्या शाळेतून रिटायर झाली, त्यात वाटणीच्या जमिनीचे पैसे आले, आणि घरात सगळ्यांचं एकच, पुण्याकडे फ्लॅट घे नि भाड्याने दे. मामा तर म्हणाला, "भिंतीला हात लावता येतो, कागदाला काय लावणार?" त्याचं मला पटतही होतं, आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हेच चालत आलंय.

पुनावळ्यात 60 लाखाचा टू बीएचके बघितला, भाडं 18 हजार. मग वहीत हिशोब मांडला. आईच्या नावावर घेतला तरी स्टॅम्प ड्युटी 6 टक्के, वर रजिस्ट्रेशनचे 30 हजार, म्हणजे जवळजवळ 64 लाख गेले. वर्षात एक महिना रिकामा धरला तर भाडं 1 लाख 98 हजार, त्यातून मेंटेनन्स, टॅक्स, ब्रोकरचा महिना वजा केला की हातात सव्वा लाखाच्या आसपास. दोन टक्के! आणि दर 11 महिन्यांनी लिव्ह अँड लायसन्स, पोलिस व्हेरिफिकेशन, गिझर बिघडला की फोन, हे कोण बघणार? आई साताऱ्यात, मी बंगळुरात.

मग रीट वाचायला घेतलं, म्हणजे भाड्याने दिलेली ऑफिसं नि मॉल ज्याच्या मालकीचे असतात असा ट्रस्ट; शेअरसारखे त्याचे हिस्से, म्हणजे युनिट, बाजारात घेता येतात आणि भाड्यातला वाटा मिळतो. रोज ज्याच्यासमोरून जातो ते मान्यता टेक पार्क एम्बसी रीटचं आहे, आणि पुण्यातल्या औंधचा वेस्टएंड मॉल नेक्सस या दुसऱ्या रीटचा, हे तेव्हा कळलं. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, नियमाने वाटण्याजोग्या पैशातला किमान 90 टक्के युनिटधारकांना द्यावाच लागतो, आणि 2021 पासून एक युनिटसुद्धा घेता येतं. पण भाव वरखाली होतो हे आईला नीट सांगितलं, एम्बसीचं युनिट 2019 मध्ये पहिल्यांदा 300 रुपयांना विक्रीला आलं होतं आणि 2023 मध्येही भाव तिथेच घुटमळत होता, मधे पैसे मात्र येत राहिले. शिवाय जे मिळतं त्यात व्याज, डिव्हिडंड आणि आपलंच भांडवल परत असं मिश्रण असतं, टॅक्स भरताना ते वेगळं बघावं लागतं.

शेवटी 30 लाख सरकारच्या सीनियर सिटिझन बचत स्कीममध्ये (तेव्हा 8.2 टक्के), 10 लाख दोन रीटमध्ये, बाकी एफडी. आईला दर तिमाहीला पैसे येतात आणि कोणाला फोन करावा लागत नाही. पुण्यात कोणी सख्खं राहत असतं, तर फ्लॅटचा विचार मी नक्की पुढे नेला असता.