‘सिटी’त जोर कुठे?

‘सिटी’ हा शब्द देवनागरीत लिहिला की आपला कान त्याला लगेच लघु-गुरू ठरवून मोकळा होतो. इंग्रजाच्या तोंडी मात्र जोर पडतो ‘सि’वर आणि ‘टी’ कशीबशी उरकली जाते. ‘मना सज्जना’ म्हणत वाढलेला कान अक्षर किती लांबतं ते मोजतो. इंग्रजी छंद विचारतो, त्यावर आघात किती? ‘फोटोग्राफी’ तर आपण सरळ चार गुरूंत म्हणतो. इंग्रजीत ती ‘फ-टॉ-ग्र-फी’ होते. जोर एकट्या ‘टॉ’वर, बाकीची तिघं अंग चोरून बसलेली.

म्हणून इंग्रजी कवितेची ओळ हाती आली की लगेच गण पाडायला बसू नये. आधी ती गद्यासारखी, अर्थ लावत मोठ्याने वाचावी. मग अवयव, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे (सिलेबल), मोजावेत, तेही कानाने, कारण इंग्रजी स्पेलिंगवर विसंबणारा फसतो. अनेक अवयवी शब्दांतला आघात शब्दकोशात पाहावा; आघाताच्या अवयवाआधी छोटी उभी रेघ असते. उरले एकेका अवयवाचे शब्द. त्यांत नाम आणि क्रियापद बहुधा वजनदार, ‘द’, ‘ऑफ’, ‘टू’ बहुधा हलके.

थॉमस ग्रेच्या 1751 च्या शोकगीताची पहिली ओळ घ्या: ‘द कर्फ्यू टोल्स द नेल ऑफ पार्टिंग डे’. आघात कर्, टोल्स, नेल, पार् आणि डे यांवर. अवयव 10, आघात 5. हलका-जड या जोडीला आयंब म्हणतात; अशा पाच जोड्यांची ओळ म्हणजे आयंबिक पेंटामीटर. ‘फ्यू’ आपल्याला ठसठशीत दीर्घ दिसतो, पण इथे तो हलक्याच बाजूला आहे.

एवढं जमलं की पुढची चूक ठरलेली: प्रत्येक जड अवयवावर हातोडा मारत वाचणं. शेक्सपिअरच्या ‘शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्स डे’मध्ये ‘टू’ जडाच्या जागी आहे, पण त्याचं वजन शेजारच्या ‘दी’ आणि ‘अ’पेक्षा जेमतेम जास्त. तेवढं पुरतं. आघात सापेक्ष असतो. गुरूसारख्या ठाम दोन मात्रा त्याच्यापाशी नाहीत. ‘टू बी, ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन’ या ओळीत तर अवयव 11 आहेत आणि ‘दॅट इज’ ही जोडी उलटी, जड-हलकी. आपल्याकडे अक्षरगणवृत्तात हा सरळ वृत्तभंग ठरला असता. इथे स्वल्पविरामानंतर जोडी उलटवणं ही मान्य सवलत आहे, आणि शेवटचा जादा हलका अवयव वाक्य लोंबकळत ठेवतो. प्रश्नच तसा आहे म्हणा!

आपले गण अगदीच निरुपयोगी ठरतात असं नाही. हलका-हलका-जड हा अ‍ॅनापेस्ट म्हणजे आघाताच्या भाषेतला सगण. बायरनची 1815 ची ‘दि असीरियन केम डाउन लाइक द वुल्फ ऑन द फोल्ड’ ही ओळ अशा चार गणांची आहे, म्हणजे साचा थेट आपल्या तोटक वृत्ताचा. फक्त ‘असीरियन’चं ‘रियन’ एका दमात ‘र्यन’ म्हणायचं. नाहीतर एक अवयव वाढतो आणि घोडदौड अडखळते. ‘मना सज्जना’चं भुजंगप्रयात मात्र इंग्रजीत उतरवणं कठीण. यगणात दोन गुरू लागून येतात आणि इंग्रजी जीभ शेजारच्या दोन आघातांतला एक हटकून मऊ करते.

सॉनेट मराठीत आलं तेव्हाही हेच झालं. केशवसुतांपासून सुनीत रुजलं, 14 ओळी आल्या, अखेरची कलाटणी आली. पण ओळीसाठी कवींनी मोठ्या प्रमाणावर 19 अक्षरांचं शार्दूलविक्रीडित उचललं. आयंब बंदरावरच राहिला.