दिसला नाही म्हणजे मेला का?

पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटावरची ती विस्डम नावाची अल्बट्रॉस (मोठा समुद्रपक्षी) माहितीये ना, १९५६ मध्ये पक्षीतज्ज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी तिच्या पायात ओळखीचा आकडा असलेलं धातूचं कडं घातलं आणि २००२ मध्ये परत त्यांच्याच हाती लागली, भारीच! पण माझं डोकं अडकलं त्या कड्यात. खाऱ्या पाण्यात धातू झिजतो, आकडे पुसट होतात, आणि कडं गळून पडलं की किती पक्षी जगले या हिशोबात जिवंत पक्षीही मेला, म्हणून ते बदलत राहावं लागतं.

आणि एखाद्या वर्षी पक्षी घरट्यावर आलाच नाही तर? कॉरमॅक, जॉली, सीबर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४-६५ मध्ये यावरच डोकं लावलं. शाळेतला हजेरीपट आठवा, सोमवारी हजर, मंगळवारी नाही, बुधवारी परत हजर, म्हणजे मंगळवारी पोरगं जिवंत होतंच की, फक्त दिसलं नाही! पक्ष्यांचंही तसंच, अशा हुकलेल्यांवरून आधी जिवंत पक्षी दिसण्याची शक्यता काढायची, मग जगण्याची. कायमचा दुसऱ्या बेटावर गेलेला मात्र मेल्यातच जमा, बिचारा.