सायकलवरून पडल्यानंतरचे मनगट

सोलापूरच्या विजापूर रस्त्यावर पहाटे सायकल चालवणाऱ्या आमच्या मंडळींपैकी बहुतेक जण कधी ना कधी पडलेले आहेत. पडताना माणूस नकळत हात पुढे टेकतो, त्यामुळे अंगाचा सारा भार तळहातावरून वर चढतो आणि कॉलरबोन (गळ्याखालचे, खांद्याकडे जाणारे हाड) किंवा मनगट मोडते. कॉलरबोन बहुधा काही आठवड्यांत जुळते. मला अधिक काळजी वाटते ती मनगटातील स्कॅफॉइड या लहानशा हाडाची.

अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नाही तरी १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी. कारण बारीक चीर सुरुवातीला निसटू शकते आणि रक्तपुरवठा तोकडा असल्याने हे हाड दुर्लक्षामुळे न जुळताच राहू शकते. आमच्या एका काकांनी मुरगळले असेल असे समजून केवळ हळदीचा लेप लावला. त्यांना आजही ब्रेक नीट दाबता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

प्लास्टर निघाल्यावर ताठरलेले मनगट फिजिओथेरपीने हळूहळू मोकळे होते. त्यानंतरही आधी संभाजी तलावाच्या परिसरात सावकाश फिरावे आणि मगच महामार्गाकडे वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पडताना डोक्याला मार बसला असेल, तर ते हेल्मेट पुन्हा वापरू नये.