कायनेजचा नकाशा: स्टे२० ची जागा हलवली

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या रोगकारक बुरशीच्या माझ्या संकेत-नकाशात (पेशीत कोणतं प्रथिन कुणाला निरोप देतं, याचा तक्ता) आतापर्यंत दोन खांब होते, एक मिलनाचा, एक वाढीचा. या खेपेला मधली भिंतच काढली. कारण स्टे२०, एक कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारं प्रथिन.

ही बुरशी ए आणि अल्फा अशा दोन मिलन-प्रकारांत येते. रुग्णांत सापडते ती बहुतेक वेळा अल्फा. मिलन-प्रकार ठरवणारा जो जनुकपट्टा आहे, त्यातच स्टे२० कायनेजचं जनुक बसलेलं आहे. ए मध्ये त्याची एक आवृत्ती, अल्फात दुसरी. त्याच घराण्यातला पॅक१ मात्र या पट्ट्याबाहेर. पत्ता बघून कुणीही स्टे२० ला मिलनाच्या खांबात टाकेल. पण तो नुसता तिथला नाही. स्टे२० गमावलेल्या पेशीला कळी, म्हणजे अंगावर फुटलेली नवी पेशी, नीट तोडता येत नाही. आईपेशी आणि कळी यांच्यामधली मान रुंदच राहते, कळ्या चिकटून बसतात, आणि तापमान चढलं की हाल वाढतात. सीरोटाइप ए मध्ये (हा बुरशीचा उपप्रकार, मिलन-प्रकार ए नव्हे) तर रोग करण्याची ताकदही घटते. स्टे२० आणि पॅक१ दोन्ही काढले, तर पेशी जगतच नाही.

मग बेकरीच्या यीस्टची प्रथिनं शेजारी मांडून पाहिली. तिथे फेरोमोनचा, म्हणजे मिलनासाठी जोडीदार पेशीने सोडलेल्या रसायनाचा, निरोप पुढे नेतो स्टे२०, आणि मानेकडे बघतो मुख्यतः क्ला४. क्ला४ मध्ये पटलातल्या लिपिडांना धरणारा पीएच नावाचा भाग असतो. क्रिप्टोकॉकसच्या स्टे२० मध्येही तो आहे, पॅक१ मध्ये नाही. म्हणजे इथला स्टे२० अंगकाठीने क्ला४ कडे झुकतो. हे एकदा दिसलं की रुंद मानेचं नवल वाटत नाही.

ही बुरशी घरी वाढवायची नाही, हे सांगायला नकोच. सूक्ष्मदर्शकाखाली माझ्याकडे बेकरीचं यीस्टच आहे, तेही शिकवण्यासाठीचे हॅप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेले, वाण. पाकिटातलं यीस्ट अल्फा-फेरोमोनला ढिम्म हलत नाही, त्यात वेळ घालवू नका. ए पेशींना हे १३ अमिनो आम्लांचं फेरोमोन दिलं की कळ्या थांबतात आणि एका बाजूने पेशी निमुळती होत जाते, पेरूसारखी. ए आणि अल्फा एकत्र ठेवले, तर डंबेलच्या आकाराचे युग्मनज (दोन पेशी जुळून झालेल्या पेशी) दिसतात, आणि पुढची कळी पुष्कळदा बरोबर मधल्या मानेतून फुटते. ४०० पटीत हे छान दिसतं. काच मात्र थंड नको.

पीकेए या दुसऱ्या कायनेजचा बाण सोपा होता. क्रिप्टोकॉकसच्या सीरोटाइप ए मध्ये पीकेए१ काढला की मिलन बंद, पेशीभोवतीचं कवचही नाही. त्याला आवरणारा पीकेआर१ काढला, तर कवच भलतंच फुगतं आणि बुरशी आणखी घातक होते.

कँडिडा अल्बिकन्स या दुसऱ्या रोगकारक बुरशीला वेगळं पान देणार आहे. तिथे मिलनाआधी पेशीला ‘पांढऱ्या’ रूपातून ‘अपारदर्शक’ रूपात जावं लागतं. एवढं या नकाशात कोंबण्यात अर्थ नाही.

अडलंय ते कॅल्सिन्युरिनपाशी. हा कायनेज नाही, उलट फॉस्फेट काढणारा. २४ अंशांना त्याच्यावाचून क्रिप्टोकॉकसचं भागतं, ३७ ला नाही. म्हणून त्याला रोखणारं एफके५०६ हे औषध दिलं की शरीराच्या तापमानाला वाढ थांबते. आणि मिलनानंतर तंतू लांबायलाही तोच लागतो. सध्या त्याला रास१ आणि सीडीसी४२ या संकेत-प्रथिनांच्या शेजारी, पण बाणाविना ठेवलाय. तुमच्या नकाशात तो कुठे आहे?